पापणी हलवू नका

हनुवटी टेकवा अक्का, कपाळ पट्टीला लावा,
तस्लीम सांगते. आता पापणी हलवू नका.
न हलवणं मला येतं.
दोन वर्षं त्या पुरत्या मिटतच नव्हत्या,
अंबादास रात्री उठून ओला टॉवेल ठेवायचा त्यांवर,
आपल्याच मागावरचा, कड उसवलेला.

हिरवा उजेड येतो.
हिरव्यात तांबडं काळं दिसतं म्हणे.
पडद्यावर माझा डोळा, परातीएवढा,
पांढऱ्यावर काळ्या रेघा.
"धाग्यासारखं दिसतंय ना?"
तिला वाटलं, मागावरच्या बाईला बरं वाटेल.

धागा असा नसतो गं.
इतकं वाकडं ताण्यात निघालं असतं
तर शेटनं हजेरी कापली असती.
हे दुसरंच काही.
बुबुळापर्यंत येतं आणि थांबतं,
चपला काढून उंबऱ्यापाशी थांबावं तसं.

मग ती जुना फोटो शेजारी लावते,
ऑपरेशनच्या आधीचा, गड्ड्याच्या आठवड्यातला.
सगळ्या शिरा फुगलेल्या, एकमेकींवर चढलेल्या:
पाचव्या दिवशी नळ आला की आमची गल्ली.

ते डोळे घेऊन मी फिरले.
रडलीस का, विचारायचे.
एकीनं तर तोंडाचा वास घेतला, शिंदी प्यालीय का म्हणून.
नातू आईमागे लपायचा,
अव्वा, डोळे वटारू नको.
वटारले नव्हते रे.
दुखणं गळ्यातल्या गाठीचं, बोभाटा डोळ्यांचा.
सुनेला वाटायचं, तिच्या भाकरीवर माझा राग आहे.
(राग होता थोडा. भाकरीवर नव्हता.)

डॉक्टरांनी डोळ्यामागचं हाड काढलं.
जागा केली, म्हणाले.
दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपायचो,
जागा करणं म्हणजे काय, मला नका सांगू.
रक्तालाही परत जायला बोळ लागतो,
तोच बुजला होता.

तस्लीम मोजते. जाडी, वेग,
पुढं कसलेसे दशांश.
मी एकच रेघ शोधत बसते,
नाकाकडच्या कोपऱ्यातली, विळ्यासारखं वळण असलेली.
जुन्या फोटोत ती सुजून काळीभोर.
नव्यात केसाएवढी.
वळण तेच.
"हीच ना गं ती?"
तस्लीम मान हलवते.
मी हलवत नाही.

बाहेर चव्वेचाळीसचं ऊन.
रिक्षावाला कन्ना चौकाचे दीडशे सांगतो.
मी गॉगल काढते, नुसती बघते त्याच्याकडे.
पूर्वी एवढ्यानं भागायचं.
तो दात कोरत राहतो.

आठवावं लागतं, कसं करतात ते.
मग भुवया वर, पापण्या ताणून,
सगळा जीव एकवटून
मी डोळे वटारते.

"डोळ्यात काय गेलं का, मावशी?"