फळ्यावरचं पाणी

पहाटे पाचला दुकान उघडायच्या आधी
मी धक्क्याच्या टोकाशी जाते
आणि सुतळीला बांधलेला तापमापक पाण्यातून ओढून काढते.
अडुसष्ट. काल सहासष्ट होतं.
(आमच्याकडे पारा फॅरनहाइटमध्ये बोलतो.)

मग खडूने फळ्यावर:
पाणी अडुसष्ट. पातळी दीड फूट खाली.
नदी शिरते तिथे गढूळ, भिंतीकडे निवळ.
क्रॅपी बुडालेल्या सीडरच्या फांद्यांत, बारा फुटांवर.
जिवंत मिनो लावा. खालच्या ओठातून.

ओझार्कच्या डोंगरांत मे उतरणीला लागला
की डॉगवुडच्या शेवटच्या पाकळ्या काठाकाठाने तरंगतात
आणि ट्रकमागे होड्या लावून माणसं येतात,
अर्ध्या झोपेतली, कॉफी मागणारी.
त्यांना वाटतं, मासा म्हणजे भूक.
मी सांगते, या आठवड्यात मासा म्हणजे थकवा.

गाबोळी टाकून रिकामी झालेली बासची मादी
खडकाळ सोंडेच्या उताराला पोट टेकून असते.
तिच्यापुढे चमचे नाचवू नका.
शिसं जड घ्या, त्यापुढचा दोरा दोन हात सोडा,
रबरी गांडूळ तळावरून असं सरकवा
की तुम्हाला आज कुठेच पोचायचं नाही.
थांबा. कंटाळा येईल. तरी थांबा.
ती झडप घालायची नाही.
दोरीला ओलं फडकं अडकल्यासारखं
जरा जड लागेल, इतकंच.

नर मात्र काठाला, गुडघाभर पाण्यात,
पिल्लांच्या काळ्या ढगाभोवती फेऱ्या मारतो.
काडी टाका, काडीवर धावतो.
सावली पडली, सावलीवर.
त्याला धरायला काही यावं लागत नाही.
म्हणून ते मी फळ्यावर लिहीत नाही.
माझा फळा खोटं बोलत नाही, हे सगळ्या काठाला ठाऊक आहे.
न सांगणं निराळं.

एल्ड्रेड टॅकेट सव्वापाचला येतो.
वय एक्याऐंशी. हातांना कंप.
"चष्मा घरी राहिला," म्हणतो.
चष्मा त्याच्या गळ्यात असतो.
मी सहा गळ बांधून देते:
पाच वेढे, टोक मागे, थुंकी लावून ओढायचं
नाहीतर दोरा आवळताना भाजतो.
बांधलेले गळ बुचाच्या तुकड्यात टोचून त्याच्या खिशात.
पैसे घेत नाही. दुपारी तो पाणी सांगतो.
बारा फूट त्याचेच. सीडरही त्याचेच.
फळ्यावरचं अक्षर तेवढं माझं.

मंगळवारी त्याने बूच जसंच्या तसं परत केलं.
सहाही गळ टोचलेले, सहाही कोरडे.
"वारा होता?"
"नव्हता."
"चावत नव्हते?"
तो बराच वेळ फ्रीझरकडे बघत राहिला.
मग म्हणाला, त्या जुन्या उतारापाशी एक नर होता.
शेपटी झिजून पांढरी.
माझी सावली पडली तर अंगावर आला,
एवढासा, होडीवर.
मी वल्हं उचलून धरलं. बसून राहिलो.
मोटर चालू करवेना.

"मग लिहू काय?"
"तुझा फळा आहे," म्हणाला,
आणि चणे-शेंगदाण्याची पुडी घेऊन निघून गेला.
पैसे ठेवून. पहिल्यांदाच.

बुधवारी एकोणसत्तर.
पातळी तीच. भिंतीकडे निवळ.
मी खडू हातात घेऊन उभी, आणि कोय आला.
त्याचा नवा रॉड, आठवड्याचा पगार त्यात गेलेला,
आणि सगळं एका दिवसात धरायची घाई.
"काठाला काय आहे?"

मी लिहिलं:
काठाला काही नाही.

त्याने ते दोनदा वाचलं.
मिनोची बादली उचलली,
होडी खोल पाण्याकडे वळवली,
आणि खाडीच्या वळणापर्यंत त्याचा रेडिओ ऐकू येत राहिला.
हाताला खडू लागला होता.
मी तो पँटला पुसला आणि एल्ड्रेडसाठी
सहा गळ बांधायला घेतले,
येवो न येवो.