जेवल्यावर एक

दहाची पट्टी. चार उरल्या.
पुस्तकला कात्रीनं एकेक घर कापते
आणि डबी फळीवर ठेवते, माझा हात पोचणार नाही अशी,
कारण एकदा मी दोन खाल्ल्या होत्या.

लाखांदूरच्या डॉक्टरीणबाईनं कागदावर पाठ काढली,
छातीमागच्या चौथ्या मणक्यावर फुली मारली.
म्हणाली, ही गोळी सूज उतरवते.
पायांचं काम आता खांदे करतात,
ते सुजणारच.

खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत,
मोरीतून पुन्हा खाटेवर,
मी माझंच अंग उचलतो
धानाच्या कट्ट्यासारखं.
गोळी घेतली की तासाभरानं
उजवा खांदा माझं ऐकतो. डावा थोडं उशिरा.

पण पाय.
परवा उकळता चहा सांडला, कळलं नाही.
फोड पोरीला दिसला.
तेच पाय रात्री दोनला पेटतात.
"मेलेल्या पायाले दुखते काहून?"
पुस्तकला विचारते, अंधारात, तळवे चोळत,
ज्यांना तिचे हात लागत नाहीत.

चौदा वर्षं खांबावर चढलो मी.
तार तुटली की पुढची टोली अंधारात,
चक्की बंद, मोटारी बंद,
आणि इकडं तुटलेलं टोक
बांधीतल्या पाण्यात रात्रभर तडतडतं.
त्याला कुठं सूज असते?
त्याची गोळी वेगळी आहे म्हणे. महाग आहे.
घेतली की दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत,
आणि पोरीची शाळा सकाळची.

एक गोष्ट बाईनं मला नाही सांगितली.
पुस्तकलाला दाराबाहेर नेलं.
दार पातळ होतं.
या गोळीनं कधी पोटात जखम होते.
दुसरा माणूस ओरडेल, यांना कळणार नाही.
शी डांबरासारखी काळी दिसली
तर बसची वाट पाहू नका.

तेव्हापासून रोज सकाळी
ती भांडं उचलून दाराच्या उजेडात नेते.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो,
मागच्या वर्षीचं आहे, तरी बघतो.
लग्नात हिनं माझ्याकडं
मान वर करून पाहिलं नव्हतं.

ती वाकते. जरा जास्तच वेळ लावते.
मग तिथूनच म्हणते,
"बरी हाय,"
गावात कोणी ओरडावं ना
लाईन आली म्हणून,
तशी.