दुसरी किल्ली

मालकाने दोन किल्ल्या दिल्या होत्या.
एक पर्समध्ये.
दुसरी तांदळाच्या डब्यात,
कारण द्यावी असं कुणी नव्हतं.

घणसोली, सेक्टर नऊ.
प्लॉट, विंग, मजला, आकडेच आकडे.
मंगरूळपीरला आमचा पत्ता होता
‘पिठाच्या गिरणीमागं’.

पाणी पावणेसहाला येतं, सव्वासहाला मरतं.
ओहोटीला खिडकीतून खाडी येते,
पहिले दोन महिने मी नाक दाबायचे.
इस्त्रीवाला माझ्या कुर्त्यांवर
खडूने ‘३०२’ लिहितो, नाव विचारत नाही.

परवा वाऱ्याने दार आपटलं.
मी बाहेर, दोन्ही किल्ल्या आत,
गॅसवर दूध.
समोरच्या भोईर मावशींनी
कोपरखैरण्याहून कुलूपवाला बोलावला.
तोवर पातेल्याचा कोळसा.
मग मला केवढ्या बोलल्या!
लक्ष कुठे असतं, आई-बाप काय म्हणतील,
जिन्यातच, सगळ्यांसमोर.
मी मान खाली घालून
ऐकत राहिले, अजून बोलाव्यात म्हणून.

आज डबा उपसला.
मावशींनी किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली,
“हरवनार नाय गो पोरी.”
आणि जाता जाता, जरा थांबून,
त्यांच्या घराची एक
माझ्या हातावर ठेवली.

बोटांना अजून
तांदळाची भुकटी होती.