टेकू

बारा वर्षं टॉवर क्रेनवर काढली मी.
वडाळ्याचे, शिवडीचे मजले
माझ्या काचेच्या खोक्याखालून उगवत गेले.
तिथे डावं म्हणजे डावंच.
क्रेनचा हात वळेल तसा मीही वळायचो,
म्हणून कधी गोंधळ नाही.

गोराईच्या सुकलेल्या मिठागरात
पहिल्याच रविवारी ते डावं हरवलं.
विमान लांब जाईतो सगळं शहाणं.
वळून माझ्याकडे निघालं की
माझा उजवा हात म्हणजे त्याचा डावा.
सावरायला गेलो तितकं ते जास्त कलंडलं
आणि पांढऱ्या मातीत नाक खुपसून बसलं.

पास्कोल मास्तर हसले नाहीत.
आयटीआयमध्ये तीस वर्षं लेथ शिकवलेला माणूस,
तुटलेलं आधी उचलतो, मग बोलतो.
म्हणाले, "डावं-उजवं सोड.
समोरून येताना जो पंख खाली झुकेल ना,
त्या बाजूला काडी ने. टेकू दे त्याला,
पडत्या भिंतीला देतात तसा."

पंख निवडणुकीच्या जुन्या फलकाचे.
कापताना कुणा उमेदवाराचं अर्धं हसू
खालच्या अंगाला आलं, तसंच ठेवलं.
हसू दिसतंय, म्हणजे विमान सुलटं.
कोरं दिसलं की उताणं,
मग वर जायला काडी पुढे ढकलायची,
"आणि घाबरायचं ते नंतर, खाली उतरल्यावर."

दोन रिमोट, मध्ये एक वायर.
मास्तरांच्या रिमोटवर एक खटका.
त्यांनी दाबून धरला तोवर विमान माझं,
बोट सुटलं की त्यांचं.
माझं पहिलं लूप भोपळ्यासारखं आलं,
दुसरं वालाच्या शेंगेसारखं,
तिसऱ्याला माथ्यावरून उतरताना
वेग कमी करायचाच विसरलो.
खटका सुटल्याचं ऐकलंसुद्धा नाही मी.
तिवरांच्या शेंड्यांवरून त्यांनी ते उचललं
मांजर पिल्लू उचलते तसं,
आणि काही न बोलता मला परत दिलं.

असा एक हिवाळा गेला.
बोरिवलीहून फेरीबोटीत पंख मांडीवर घेऊन बसायचं.
परतीला रिकाम्या टोपल्यांवर हात ठेवून
एक मासळीवाली दर खेपेला विचारायची,
"आज मोडलंस, का नाय?"
मोडलेलं असलं की जरा जागा करून द्यायची.

या वर्षी मास्तरांच्या हातात चहा ठरेना.
ग्लास अर्धाच भर, असं टपरीवाल्याला
मी त्यांच्या पाठीमागून खुणावलं.
त्यांनी पाहिलं ते.
अर्धा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आज अदलाबदल,"
आणि खटक्याचा रिमोट माझ्या गळ्यात अडकवला.

त्यांनी उंची घेतली,
तीन चुका पचतील एवढी.
मग सावकाश रोल, त्यांचा आवडता.
झोपेतलं मूल कूस बदलतं तितका सावकाश.
पण पंखांना थरथर होती.
लांबून पाहणाऱ्याला वारा वाटला असता.
दहा वाजले नव्हते, खाडी अजून गप्प होती,
काठीवरची लाल चिंधी सरळ लोंबत होती.

हसू.
पंखाची नुसती कड.
कोरं.
कोरं जरा जास्तच वेळ.
मग नाक आमच्याकडे वळलं आणि एक पंख झुकला,
डावा की उजवा, ते मी कधीच सोडलं होतं.
खटक्यावर माझं बोट दुखायला लागलं.
सोडलं असतं तर विमान माझं.
इतकं सोपं होतं, नुसतं सोडायचं.

शेजारी त्यांचा अंगठा
झुकत्या बाजूला निघाला होता,
कापत कापत,
जड वासा एकट्याने ओढत न्यावा तसा.

वर अजून कोरंच होतं.
मी दाबून धरलं.