सव्वाचार किलो

डेपोच्या वार्षिक तपासणीत
दंडाचा पट्टा तीनदा फुगवला त्यांनी.
एकशे छप्पन्न, शंभर.
तिसऱ्यांदाही तेच.
वय? चौतीस.
टेन्शन? जिंतूर रोडची गाडी आहे साहेब,
सुट्टे कुणाकडंच नसतात.
हसले.
मग बाटलीतल्या लघवीवरचा फेस बघून
हसायचे थांबले.

परभणीच्या सिव्हिलमध्ये डॉक्टर निलोफर चाऊस यांनी
भलतंच विचारलं :
जन्मलात तेव्हा वजन किती होतं तुमचं?

हे तर मला पाठ. अख्ख्या भावकीला पाठ.
सव्वाचार किलो.
नर्सच्या काट्यावर भरवसा नव्हता,
म्हणून मामानं मला परातीत घालून
मानवतच्या बाजारात गुळाच्या तराजूत तोललेलं.
एका पारड्यात मी,
दुसऱ्यात परातीची धडा करून
दोन किलो, दोन किलो आणि वर पावशेर.
बाळसं बघायला दुकानासमोर माणसं थांबली म्हणे.
मामानं तिथंच पेढे वाटले.

आणि आईला शुगर?
होती. म्हणजे, आहे.
मी सातवीत असताना तिच्या पायाची जखम भरेना
तेव्हा कळली.
त्याआधी?
त्याआधी कुणी बघितलंच नव्हतं.

रात्री मायला विचारलं.
ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.
"तुझ्या येळंला तहान लई लागायची बाई.
रांजण पुरायचा न्हाई.
समदे म्हणायचे, लेकरू पानी मागतंय.
मोरीत मुंग्यांची रांग लागायची.
मला वाटायचं, गूळ सांडला असंल कुठंतरी."

मूत्रपिंडात बारीक चाळण्या असतात, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
लाखांनी. त्या आईच्या पोटातच बनतात,
नंतर एकही वाढत नाही.
आईच्या रक्तात साखर चढलेली असली
की कधी कधी कमी बनतात. कधी कधी.
तुमचं तसंच झालं असेल असं नाही, पण असू शकतं.

मला माझ्यापुरतं कळलं ते असं :
चव्वेचाळीस सीटची गाडी लागायची होती,
फलाटावर तीस सीटची लागली.
पाशिंजर तेवढंच.
चौतीस वर्षं उभ्या पाशिंजरांसकट पळतेय गाडी,
डबल घंटी मारली की निघायचं,
आणि खाली पाटे झिजतात
त्यांचा आवाज आत येत नाही.

"म्हंजी म्याच दिलं तुला."
माय लसणाच्या सालांकडं बघून बोलली.

काय सांगणार.
माझ्या मशीनमध्ये गावं आहेत, टप्पे आहेत,
अर्धं तिकीट आहे, लगेज आहे,
दोष कुणाच्या नावावर फाडायचा
त्याचं बटण नाही.
मी म्हणाले, भाजीत मीठ टाकू नको उद्यापासून.
ती म्हणाली, माझ्या चहात साखर न्हाई, तुझ्या कोड्यासात मीठ न्हाई,
आता पाव्हणे जेवायचे बंद होतील आपल्याकडं.
आणि मग आम्ही हसलो, लई वेळ,
एवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गोळी रोज सकाळी. बिनचूक.
मीठ अजून अधूनमधून चोरून.

धाकटी सत्यशीला पाचव्या महिन्यात आहे.
सुट्टीच्या दिवशी मी आणि माय तिला घेऊन
आरोग्य केंद्रात गेलो.
सिस्टरनं ग्लुकोजचं पाणी दिलं, पुडा अख्खा,
तोंड वाकडं करत प्याली.
दोन तास बसायचं, मग रक्त.

बाकावर तिघी.
मायनं सिस्टरला विचारून घेतलं,
पोटातल्या लेकराच्या चाळण्या मोजता येतात का?
न्हाई हो मावशी.
मग माय गप्प. भिंतीवरच्या घड्याळाखाली
पाल होती, तिच्याकडं बघत राहिली.
सव्वा तास झाला असेल.

सत्यशीला म्हणाली,
अक्का, तहान लागली गं.

आम्ही दोघींनी एकदमच
तिच्याकडं बघितलं.