कथित

सीबीएससमोर, जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, चारही कोपऱ्यांना केबल टाय.
एकतीस वर्षं मी लोकांच्या शपथा टाइप करतो,
आधी रेमिंग्टनवर, आता या खोकणाऱ्या प्रिंटरवर.

सफिया कोकणी आल्या जानेवारीतल्या गारठ्यात.
कथड्यात मुलींना अरबी शिकवतात.
पर्समधून वहीची चार पानं काढली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.
म्हणाल्या, भाषांतर माझं आहे, शुद्धलेखन तुम्ही बघा.
कलेक्टर कचेरीत निवेदनासोबत लावायचंय.

मी सवयीनं विचारलं : नाव?
दिलेलं नाही.
वय?
सदतीस.
धंदा?
रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर.
राहणार?
त्या थोडं थांबल्या.
गाझा. पण 'राहणार' नका लिहू, म्हणाल्या,
राहत होता.

मी टाइप करू लागलो.
डोळ्यांवर पट्टी. किती दिवस, सांगता येत नाही,
दिवस पट्टीच्या बाहेर होते.
गुडघ्यांवर बसवलं. हललं की कुत्रा.
मनगटं प्लास्टिकच्या पट्टीत –
इथं माझी बोटं अडली.
मी वर ताडपत्रीकडे पाहिलं.

ती पट्टी मला माहीत आहे.
सारडा सर्कलला शंभरांचं पाकीट मिळतं.
करकरत पुढे सरकते, मागे येत नाही,
सोडता येत नाही, कापावी लागते.
दर पावसाळ्यानंतर मी ब्लेडनं कापतो
आणि बांबूवर खाच राहिलेली असते.

बाई म्हणाल्या, एक शब्द अडलाय.
बातम्यांत सगळीकडे लिहितात : कथित छळ.
ठेवू की काढू?
फळ्यावर खडू मोडावा तसा आवाज.

हा शब्द माझ्या ओळखीचा.
याच टेबलावर मी लिहिलंय,
'आरोपी जिन्यावरून पाय घसरून पडला.'
तीन प्रकरणं, तीन वेगळे जिने.
एक चौकी तर नुसती तळमजल्याची होती,
वर पत्रा आणि आभाळ.
तिथं कुणी म्हटलं नाही कथित जिना,
कथित पाय.
मीही नाही. पानाचे पैसे घेतले
आणि पुढचं गिऱ्हाईक बोलावलं.

ठेवा, म्हटलं.
कथित म्हणजे कुणीतरी सांगितलं, बाई.
त्यानं सांगितलं, त्याचं काम झालं.
आता ऐकणाऱ्याचं उरलं :
दार उघडा, आतले डॉक्टर सोडून दुसरा डॉक्टर पाठवा,
त्या रात्री पाळीवर कोण होतं,
हजेरीपट असेलच, पगार निघालाय म्हणजे असेलच.
ज्याला चौकशी नको, तो हा शब्द उच्चारतो आणि उठून जातो.
आपण उच्चारू आणि बसून राहू.

त्यांना पटलं नसावं.
शब्दाखाली पेन्सिलीनं एक रेघ मारली,
पानाला भोक पडेल इतकी.

शेजारचे नोटरी निकुंभ डोकावले,
आपल्याकडं कमी आहेत का हो?
नाहीत, म्हटलं मी. म्हणून तर हात बसलाय.

शेवटच्या पानावर होतं :
सुटल्यापासून अंगठ्यांना काही कळत नाही.
चहा गरम आहे की गार,
बायको आधी पिऊन सांगते.

'वरील मजकूर वाचून पाहिला, खरा आहे.'
त्याखाली मी जागा सोडली.
सही करायला इथं कुणी येणार नाही, ठाऊक असून सोडली,
नेहमीपेक्षा चार बोटं जास्त.
अंगठा उठवायची वेळ आलीच,
तर तो नेमका कुठं टेकला
हे त्या माणसाला
कळणार नाही.