सातवी जोडी

सड्याच्या टोकाला, जिथून खाडीचं तोंड दिसतं,
कंपनीने लोखंडी घोडा रोवला
आणि त्यावर बारा जोड्या टांगल्या पट्ट्यांच्या,
एक पोलादाची, एक अल्युमिनियमची, वीतभर लांब.
खालून पाहणाऱ्याला वाटावं, बोंबील वाळत घातलेत.

राखण माझ्याकडे. महिना आठशे
आणि एक वही: तारीख, वारा कुठला, दव पडलं का.
राघवन मॅडम हिंदीत म्हणाल्या,
माझ्याहून मोडक्या हिंदीत,
"मावशी, रॉकेट इथून उडणार नाही.
इथे फक्त बनेल. टाक्या, नळ्या, नाक.
पण आधी बघायचं, इथली हवा काय खाते."
मी म्हटलं, सगळंच खाते.
विळीचं पातं, बिजागऱ्या, एसटीचा पत्रा,
हळदणकरांच्या पोराचं लग्न जमेपर्यंत त्याची मोटरसायकल.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

सोसायटीच्या ओट्यावर तोवर कारखाना उभा राहिलाही होता.
नाना तिर्लोटकर कॅन्टीनचं कंत्राट घेऊन मोकळे.
वाद एकच, एवढी लांब टाकी घाटात वळणार कशी.
अब्बास सोलकर म्हणाला, वळवताय कशाला?
भरतीला बार्जवर चढवा.
समुद्राला वळण नाय.
हे वाक्य मॅडमनी त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

माझा दिगू चाकणला वेल्डर.
तिघं एका खोलीत, पाळ्या वेगळ्या, म्हणून गाद्या दोन.
फोनवर म्हणाला, आई, अल्युमिनियमचा सांधा मला जमतो,
सगळ्यांना नाही जमत तो.
एवढंच म्हणाला.
पुढचं मी ऐकलं.

दर महिन्याला एक जोडी सोडायची, पुसायची नाही,
कागदात गुंडाळून कुरिअर.
ज्येष्ठातच पोलादावर मोहरी फुटली,
श्रावणात हळद,
कार्तिकापर्यंत थेट पायाखालच्या कातळाचा रंग.
लोखंड सड्यावर आलं की जांभा होऊ बघतं.
अल्युमिनियम तसंच. जरा पांढरी भुकटी, पिठाच्या हातासारखी.

मार्गशीर्षात, सातव्या जोडीच्या आदल्या रात्री,
मी विजेरी घेऊन वर गेले.
बरोबर वाटीभर आगळ, चुलीतली राख, नारळाची शेंडी.
देवाची समई घासते तसं घासलं पोलाद
आणि खोबरेल लावलं वरून.
खाली खाडीत कुणाची तरी होडी होती, कंदील लावलेली.
ती थांबली तशी मीही थांबले.
वहीत लिहिलं: वारा जमिनीवरचा. दव पडलं.
दोन्ही खरं.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन.
"मावशी, सातवी सगळ्यात हलकी भरली.
गंज तर नव्हताच, मग वजन गेलं कुठे?"
तेव्हा मला कळलं की ते गंज बघत नव्हते,
उरलेलं लोखंड तोलत होते.
मी म्हटलं, हवा.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग कागदाचा आवाज.

माघात पत्र आलं ग्रामपंचायतीत.
जागा ठरली, लांब, कोरड्या मुलखात,
जिथे दवाला विचारावं लागत नाही.
कारणं चार दिली होती. घाट होता, वीज होती, क्षार होता.
चौथं इंग्रजीत होतं, ग्रामसेवकाने वाचलं नाही.

शिमग्याला दिगू आला.
उरलेल्या तीन जोड्या अजून घोड्यावरच, कुणी न्यायला आलं नव्हतं.
त्याला सगळं सांगितलं, आगळासकट.
"अगो आई, आमसूल म्हणजे आम्ल.
तू तर पोलादच खाल्लंस."
आणि इतका हसला, की पालखीच्या ढोलातही ऐकू आलं.
मग गप्प झाला. अल्युमिनियमच्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला,
सांधा शोधावा तसा.

जाताना एक जोडी घेऊन गेला,
खोलीच्या खिडकीला बांधलीय म्हणे,
तिथली हवा काय खाते ते बघायला.
हल्ली फोन केला की
जेवलास का, हे मी नंतर विचारते.